सुभद्राच्या कुबडीवरचे इंच

सुभद्राच्या कुबडीवर इंच कोरलेले आहेत. खालच्या रबरापासून काखेतल्या उशीपर्यंत बारीक बारीक रेघा, आणि दर बाराव्या इंचाला एक जरा लांब रेघ. तिच्या वडिलांनी, देवाजी गजभियेंनी, चाकूनं कोरून दिल्या होत्या. ते मिलमध्ये कापडखात्यात. पोरीला दुकानदारानं मापात फसवू नये, एवढाच त्यांचा हेतू. पोरीनं कापड फारसं मोजलंच नाही. ती गावभर पायऱ्या मोजत फिरली.

आमची ओळख त्रेसष्ट सालची, कॉलेजच्या पहिल्या वर्षातली. तिच्या डाव्या पायाला पोलिओ, गुडघ्यापासून खाली लोखंडी कॅलिपर. वर्ग पहिल्या मजल्यावर. पहिले पंधरा दिवस कॉलेजचे दोन शिपाई तिला खुर्चीसकट उचलून वर नेत. प्राचार्यांनी ही सोय स्वतः लावून दिली होती आणि पाहुण्यांनाही ती कौतुकानं सांगत. आम्ही मुली बाजूला होऊन वाट द्यायचो. देवळात पालखी जाते ना, तशी.

सोळाव्या दिवशी अर्ध्या जिन्यात सुभद्रा म्हणाली, "खाली ठेवा." शिपायांना वाटलं, काही सांडलं वगैरे. ती खुर्चीतून उतरली, जिन्यावर बसली आणि पाठमोरी, हातांवर जोर देत, एकेक पायरी वर सरकू लागली. हजेरी झाल्यावर पोचली. गैरहजर लागली. दुसऱ्या दिवशी पाऊण तास आधी आली, आणि मग चार वर्षं तशीच येत राहिली. तिची पुस्तकं माझ्याकडे. मीही एक पायरी चढायची, थांबायची.

एकदा मी न राहवून विचारलं, "खुर्चीत काय वाईट होतं गं?"

"तुले रोज कोणी न विचारता उचललं तर?" ती म्हणाली. पुढे म्हणाली, "छप्पन साली दीक्षेच्या दिवशी बाबांनी मला खांद्यावर बसवून नेलं होतं. केवढी गर्दी! सगळं दिसलं मला, त्यांना स्वतःला दिसलं नाही तेवढं. ते एक उचलणं मला चालतं. बाकीच्यांनी विचारावं."

कॉलेज संपलं. माझं लग्न झालं, मी पोळ्या लाटू लागले. सुभद्रा अडुसष्ट साली धंतोलीतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात लागली. नाव सांगत नाही, माणसं अजून तीच आहेत. सात वर्षं ती केसपेपरच्या खिडकीवर बसली. मग तिचं मराठी चांगलं म्हणून पत्रव्यवहार तिच्याकडे आला. पत्रव्यवहारामागून शिबिरांची पत्रकं, पत्रकांमागून शिबिरंच. डोळ्यांची शिबिरं, लशीची शिबिरं, नरखेड-काटोलकडच्या गावांतून. कोणत्या दिवशी गाडी कुठे, औषधाची पेटी कधी निघणार, शाळेची खोली कोण उघडणार, हे सगळं ती एका मोठ्या खाकी कागदावर मांडायची. डावीकडे कामं, वर तारखा, मध्ये चौकोन. काम झालं की चौकोन रंगवायचा. मला तो कागद स्वेटरच्या नमुन्यासारखा दिसायचा. एक घर चुकलं की पुढच्या सगळ्या ओळी वाकड्या. मी तसं म्हटलं तर ती म्हणाली, "स्वेटर उसवता येतो. शिबिराला आलेली म्हातारी परत गेली की गेली."

तिला स्वस्थ बसलेली मी त्या जिन्यावरच काय ती पाहिली. एरवी बोलता बोलता कुबडी जमिनीवर टकटक करत राहायची. माझ्याकडे आली की मागच्या दारानं, थेट स्वयंपाकघरात. ओट्याला टेकून उभ्यानं चहा, तोही अर्धा. मी ते घरपण समजत होते. आमच्या सासूबाईंनी मागच्या दाराचा वेगळाच अर्थ लावला होता आणि त्या अर्थावर त्या खूश होत्या. तो कोणता, हे मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि सुभद्राला तर नाहीच.

एकोणऐंशी साली दवाखान्यात बायजाबाई आली. नरखेड तालुक्यातली, पन्नाशीची. संत्र्याच्या बागेत बैलबंडीवरून पडली तेव्हापासून कमरेखाली जीव नाही. लाकडाची फळी, खाली बेअरिंगची चार चाकं, दोन्ही हातांत लाकडी ठोकळे. त्यांनी जमीन मागे लोटत ती सरसर जायची. दवाखान्याच्या दाराला पाच पायऱ्या. दोघा वॉर्डबॉयनी तिला काखेत हात घालून उचललं, आणि तिसऱ्या पायरीवर तिचं लुगडं सुटलं. बाहेरच्या बाकांवर चाळीसेक माणसं बसली होती. कोणी हसलं नाही, पण सगळ्यांनी पाहिलं. ती वर पोचल्यावर लुगडं आवरून म्हणाली, "मले खाली ठेवा. मी घरी जातो." पाठीवरची जखम तशीच घेऊन गेली.

सुभद्रानं हे शिबिराच्या यादीवरून मान वर करून पाहिलं. त्या दिवशी ती माझ्याकडे आली तेव्हा चहा घेतलाच नाही. स्वयंपाकघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टकटक चालू. "थोडी बस ना," मी म्हटलं.

"तू बस. तुझं लुगडं नाही सुटलं."

तिथून पुढे दोन वर्षं ती एकाच गोष्टीच्या मागे होती. पायऱ्यांच्या बाजूनं एक उतार. पाच पायऱ्यांचे तीस इंच. इंचाला फूट या हिशेबानं तीस फूट लांब उतार, आणि वर दारापाशी चार फूट सपाट ओटा, चढून आलेल्याला दम खायला. ट्रस्टचे अध्यक्ष मारोतराव म्हणजे निवृत्त वकील, वाईट माणूस नाही, पण त्यांना तिथं मोटारींसाठी पोर्च हवा होता. "दहा फुटांत होतो की उतार," ते म्हणाले. सुभद्रानं त्यांच्या टेबलावर एक फळी तिरकी ठेवली, तिच्यावर पेपरवेट सोडला आणि म्हणाली, "साहेब, हा पेशंट." पेपरवेट त्यांच्या मांडीवर जाऊन पडला.

एक्याऐंशी उजाडलं. ते आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष होतं. दवाखान्यात तसा फलक लागला, फलकाखाली काहीतरी करून दाखवणं भाग पडलं. मारोतरावांनी उताराला परवानगी दिली, पण वकिली पद्धतीनं. एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी ट्रस्टची मीटिंग. त्या दिवशी अकराच्या आत एक तरी असा पेशंट उतारावरून स्वतः आत आला पाहिजे. आला तर उतार राहील. नाही तर तोडून पोर्च.

सुभद्रानं पत्रक काढलं. शिबिराच्या गाडीतून गावोगाव वाटलं, एसटीच्या कंडक्टरांकडेही गठ्ठे दिले. आठ ओळींचं पत्रक, त्यातली शेवटची ठळक अक्षरात: 'विचारल्याशिवाय तुम्हाला कोणी हात लावणार नाही.' मारोतरावांनी ती ओळ खोडायला सांगितली होती. "दवाखाना आहे बाई, हात तर लावावाच लागतो." तिनं ओळ ठेवली, खोडलं ते फक्त 'कृपया'.

उताराचं काम लहानू मिस्त्रीकडे. हात सोन्याचा, तोंड चालू. "तीस इंच चढाले तीस फूट? बाई, माणूस चढवता का बैलबंडी?" पण बांधला त्यानं असा की तळहात फिरवत राहावा. दार रुंद करायचं म्हणून जुनी चौकट काढली, जुना सागवानी उंबरठाही निघाला.

शुक्रवारी शेवटचं काम होतं, दाराशी सिमेंट भरून सपाट करायचं. सुभद्रा शिबिराच्या गाडीबरोबर नरखेडकडे गेलेली, येताना बायजाबाईला घेऊन येणार होती. बायजाबाईनं निरोप पाठवला होता: "थे लिहिलं ते खरं असन त येतो." गाडीच्या मागच्या दाराला लावायला लहानूकडून तिनं एक लांब फळीही करून घेतली होती. जाताना मला म्हणाली, "शोभा, आज जरा मिस्त्रीपाशी बसशील? काही अडलं तर सांगायला माणूस हवा."

मी बसले. खुर्ची घेऊन, विणकाम घेऊन. दुपारी लहानू थापी खाली ठेवून दाराकडे पाहत उभा राहिला.

"शोभाताई, हे दार असं बोडकं काहून दिसून राहिलं वं?"

"कसं?"

"उंबरठा नाही ना त्याले. म्या आजवर बिना उंबरठ्याचं दार नाही सोडलं, गोठ्याचंबी नाही. अन् हा त दवाखाना. बाहेरची बला आत याले न् आतला रोग बाहेर जाले, दोघाइले कोण अडवन? मले बरं नाही वाटून राहिलं." त्याच्याजवळ काळ्या दगडाची एक पट्टी होती, दोन इंच जाडीची, सुरेख घासलेली. "ही बसवू का? दोन इंच त हाय."

आता लिहिताना हात थांबतो. मी एक क्षणही विचार केला नाही. दार म्हटलं की उंबरठा. माप ओलांडून मी घरात आले, रोज सकाळी पहिलं पाणी उंबरठ्यावर घालते, संध्याकाळी त्यावर कोणाला बसू देत नाही. मी म्हटलं, "बसवा की. दाराला उंबरठा हवाच." एवढ्यावर थांबले नाही. पर्समध्ये हळदीकुंकवाची डबी होती. दगड बसला तशी दोन बोटं ओढली, कोठीतून तांदूळ मागून अक्षता वाहिल्या, नमस्कार केला. लहानूनंही केला. घरी जाताना मला काहीतरी चांगलं हातून झाल्यासारखं वाटत होतं.

शनिवारी मी साडेनऊलाच पोचले. बाकं भरलेली, ऊन तापायला लागलेलं. मारोतराव आणि दोन ट्रस्टी पायऱ्यांवर उभे, हातात घड्याळ. दहा वाजून चाळीस मिनिटांनी गाडी आली. फळी लागली, आणि बायजाबाई तिच्यावरून आपली आपण खाली उतरली. मोरपंखी लुगडं, पदर कमरेला घट्ट खोचलेला, वर दोरीही बांधलेली. दोन वर्षांपूर्वीचं तीही विसरली नव्हती.

उताराच्या पायथ्याशी ती थांबली. वर पाहिलं.

"हे माह्यासाठी बांदलं?"

"तुमच्यासाठी अन् बाकीच्यासाठी," सुभद्रा म्हणाली. "दमल्या तर थांबा. घाई नाही."

घाई होती. कुबडी टकटक करत होती.

बायजाबाईनं ठोकळे टेकवले. एक लोट, दुसरी लोट. चाकांचा खर्र आवाज सगळ्या बाकांपर्यंत येत होता. निम्म्यावर ती थांबली, ठोकळा चाकामागे लावला, पदरानं तोंड पुसलं. कोणीतरी म्हातारा बाकावरून ओरडला, "चल वं माय, पोचलीस!" ती हसली. पुन्हा लोट. ओट्यावर आली तेव्हा दहा पन्नास. मी सुभद्राकडे पाहिलं. तिचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता.

मग फळी दाराकडे सरकली, आणि पुढची चाकं टक्कन दगडाला अडली.

बायजाबाईनं पुन्हा जोर लावला. पुन्हा टक्. तिनं वाकून पाहिलं. दोन इंच काळा दगड, त्यावर माझी दोन बोटं हळद आणि दोन बोटं कुंकू.

सुभद्रा पायऱ्यांनी वर आली. दगडाकडे पाहिलं, मग लहानूकडे. लहानूनं माझ्याकडे पाहिलं. मला जमीन फाटावी असं झालं.

"मी सांगितलं," मी म्हटलं. "मीच बसवायला सांगितला. पूजा पण मीच केली."

तिनं कुबडी दगडाशी टेकवली आणि बोटानं रेघा मोजल्या.

मारोतरावच बोलले. "अरे, दोन इंच तर आहेत. उचला रे, पलीकडे ठेवा. झालं! गजभियेबाई, आम्ही एवढं काही ताणत नाही. आली समजू." ते मनापासून मदत करत होते. दोघे वॉर्डबॉय पुढे आले. तेच दोघे.

"हात नका लावू!" बायजाबाई ओरडली. ठोकळे छातीशी धरले. मग सुभद्राकडे मान वळवून, हळू आवाजात, "थ्या कागदावर काय लिहिलं होतं वं? का वाचणाऱ्यानं मले खोटं सांगतलं?"

सगळे सुभद्राकडे बघत होते. एक मान हलवली असती तर दोन सेकंदांत बायजाबाई आत, उतार मंजूर, दोन वर्षांचा खाकी कागद पुरा रंगलेला. मी मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हण गं, हो म्हण, माझी चूक झाकली जाईल.

"वाचणाऱ्यानं खरं सांगितलं," सुभद्रा म्हणाली. "कोणी हात लावणार नाही. साहेब, दगड काढते."

"अहो, पण अकरा..."

"अकराला तुमची मीटिंग सुरू करा."

"दोन इंचांसाठी?"

"दोन इंचांसाठी नाही. दोन वर्षांमागं त्या न विचारता उचललं म्हणूनच परत गेल्या."

मारोतरावांनी घड्याळाकडे पाहिलं, खांदे उडवले आणि ट्रस्टींना घेऊन वर गेले. जिन्यावर त्यांचे बूट वाजत राहिले.

सुभद्रानं लहानूला छन्नी आणायला सांगितलं. तो आणतोय कुठला. हात मागे बांधून उभा. "बाई, तुमचं बोलणं म्या कदी खाली पाडलं का? पन हा पुजलेला हाय. पुजलेल्यावर म्या छन्नी नाही मारत. लेकराबाळाचा धनी हावो मी."

मला वाटलं, आता ही भडकणार. तिच्या घरात ना देव, ना उंबरठ्याची पूजा. पण ती माझ्याकडे वळली.

"तू पुजलास ना? मग तूच सोडव. गणपती उठवता तसं काही असेल तुमच्यात."

होतं की. मला सुचलं नव्हतं. मी धावत कोठीत गेले. खिचडीचे तांदूळ मूठभर घेतले, कुंकू लावलं. ओट्यावर गुडघे टेकले. चाळीस माणसं बघत होती, बायजाबाई हातभर अंतरावरून बघत होती. मी अक्षता टाकल्या, उत्तरपूजेत मूर्ती हलवतात तसा दगडाला हात लावून जरासा हलवल्यासारखा केला. मंत्र काय म्हणायचा? मी म्हटलं, "चुकलं माझं. आता जा."

लहानूनं वाकून पाहिलं. "झालं?"

"झालं. आता नुसता दगड आहे."

त्यानं छन्नी लावली. सिमेंट एका रात्रीत चांगलंच धरलेलं. तुकडा तुकडा निघत होता. ऊन थेट ओट्यावर. मी छत्री उघडून बायजाबाईवर धरली. तो चार फुटांचा सपाट ओटा नसता तर एवढा वेळ तिला उतारावर चाकं धरून बसावं लागलं असतं.

"माफ करा," मी तिला म्हटलं.

"तुमी त पूजाच केली ना बाई," ती म्हणाली. "लाथ त नाही मारली. मारणारेबी पाहिले हाय म्या."

सुभद्रा भिंतीला टेकून उभी होती. कुबडी वाजत नव्हती, म्हणून मला जास्तच भीती वाटत होती. मी म्हटलं, "बोल ना काहीतरी. रागाव तरी."

"काय रागावू? तुझ्या पुढच्या दाराचा उंबरठा पाच इंच आहे. ओलसर असतो, घासलेला. कॅलिपर सरकतं. पहिल्यांदा आले तेव्हाच मोजला होता."

मी छत्री धरून उभी. तेरा वर्षं ती मागच्या दारानं येत होती.

"सांगायचं ना मला."

"तुला आनंद वाटायचा ना, घरच्यासारखी येते म्हणून." मग लहानूला, "अरे, कोपरा राहिला गा, तिकडचा!"

अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी लहानूनं हातानं खडे झाडले, तळहात फिरवून पाहिला आणि बाजूला झाला. बायजाबाईनं ठोकळे टेकवले. एक लोट. चाकं आत गेली. कसलाच आवाज झाला नाही. बाकांवरच्या त्या म्हाताऱ्यानं एकट्यानंच टाळ्या वाजवल्या.

ती थेट केसपेपरच्या खिडकीपाशी गेली. थांबली. आतल्या क्लार्कनं बाहेर पाहिलं, तिच्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं आणि म्हणाला, "पुढचा कोण? चला, पुढचा!"

"मी हाय ना!" बायजाबाई खालून म्हणाली.

क्लार्क इकडे तिकडे बघत राहिला.

इतक्यात वरून शिपाई चिठ्ठी घेऊन आला. मी घेतली, कारण सुभद्राचं लक्ष नव्हतं. मारोतरावांचं वकिली अक्षर: 'सदर उतार औषधांच्या पेट्या व स्ट्रेचर ने-आण करण्यास सोयीचा असल्याने कायम ठेवावा.' मी दोनदा वाचली. मला हसू आलं आणि रडूही. "सुभद्रा, राहिला! पेट्यांसाठी का होईना, पण राहिला!"

"वाचलं," ती म्हणाली. तिनं चिठ्ठीकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. तिनं कुबडी काखेतून काढली, एका हातानं भिंत धरली आणि कुबडी खिडकीखाली उभी केली. बोट रेघेवर.

"सेहेचाळीस," ती म्हणाली. "सात वर्षं बसले मी इथं, शोभा. आत उंच स्टूल आहे. मला सगळे दिसायचे."

तिला दिसले नव्हते, असे किती परत गेले असतील, हे ती मोजत असावी. मी तिच्या झोळीतून वही काढली, पेन्सिल काढली.

"बायजाबाई," सुभद्रा म्हणाली, "हात वर करा बरं. सहज जाईल तेवढाच. ताणू नका."

बायजाबाईनं हात वर केला. मग परत खाली घेतला.

"हाताचं काय मोजतं वं? हात त गेला असता कसाबसा. तोंडाचं मोज. मले थो दिसला पायजे, अन् त्याले मी."

सुभद्रानं कुबडी तिच्या शेजारी टेकवली. मी खाली बसले, बायजाबाईच्या हनुवटीपासून आडवं बोट धरलं, रेघा मोजल्या.

"एकोणतीस," मी म्हटलं.

"अठ्ठावीस लिही," बायजाबाई म्हणाली. "पाठ दुखली की मी जरा वाकूनच बसतो."

मी अठ्ठावीस लिहिलं. सुभद्रानं कुबडी काखेत घेतली आणि लहानू निघून जायच्या आत त्याला गाठायला ती टकटक करत बाहेर गेली.